स्प्लिटवरून माणूस मोजू नका

२६ ऑगस्ट २०२३ रोजी बुडापेस्टच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मुहम्मद अनस, अमोज जेकब, मुहम्मद अजमल आणि राजेश रमेश या चौघांनी ४ बाय ४०० मीटर रिलेच्या हीटमध्ये २:५९.०५ अशी वेळ दिली. पुढे फक्त अमेरिका, तीही २:५८.४७ मध्ये. ब्रिटन मागे, जमैका मागे. जपानने वर्षभरापूर्वी ऑरेगॉनला केलेला २:५९.५१ चा आशियाई विक्रम मोडीत निघाला. शेवटच्या लेगमध्ये राजेश रमेश अमेरिकन धावपटूच्या पाठीला चिकटून पळतोय, हे दृश्य भारतीय अ‍ॅथलेटिक्सच्या चाहत्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. तो आनंद खरा होता आणि त्याच्याशी माझं काहीच भांडण नाही. भांडण आहे ते त्यानंतर सुरू झालेल्या हिशेबाशी.

हिशेब असा मांडला जातो. २:५९.०५ म्हणजे १७९.०५ सेकंद. भागिले चार. उत्तर ४४.७६. म्हणजे आपले चौघेही ४५ सेकंदांच्या आतले. म्हणजे माल जागतिक दर्जाचा आहे, फक्त दुकान नीट चालवलेलं नाही. मग वैयक्तिक ४०० मीटरमध्ये ही पोरं का दिसत नाहीत, या प्रश्नाला उत्तरं तयारच असतात: महासंघाचं राजकारण, प्रशिक्षकांचा भित्रेपणा, निवडीतला घोळ. बरं, ही एक बाजू झाली. हीच मंडळी पुढच्या वर्षी पॅरिसला संघ ३:००.५८ मध्ये हीटमधूनच बाहेर पडला तेव्हा तोच भागाकार उलटा धरून बसली. आता शोध सुरू झाला तो ‘बुडवणाऱ्या’चा. कोणाचा लेग संथ होता, कोणाला आधीच वगळायला हवं होतं, कोणी बॅटन घेतानाच शर्यत घालवली. टीव्हीवरचं चित्रण थांबवून, स्टॉपवॉच लावून काढलेले आकडे पुरावा म्हणून फिरू लागले.

स्प्लिट म्हणजे रिलेतल्या एका लेगची वेळ. त्या आकड्यावरून धावपटूचं कौतुक करणं आणि त्याला फासावर चढवणं, दोन्ही एकाच चुकीतून येतं. तो आकडा त्या माणसाचा नसतोच. निदान त्याच्या एकट्याचा नसतो. आणि चार आकड्यांची बेरीज करून देशाची पत ठरवणं ही त्याच्याही पुढची चूक.

आधी भागाकाराचंच बघू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. बुडापेस्टच्या वेळी ४०० मीटरचा भारतीय विक्रम ४५.२१ होता, अनसने २०१९ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या क्लाद्नो इथे केलेला. समजा, संघात चार अनस आहेत आणि चौघेही आपल्या आयुष्यातली सर्वोत्तम शर्यत पळाले. बेरीज होते १८०.८४, म्हणजे ३:००.८४. प्रत्यक्षातली वेळ त्याहून १.७९ सेकंदांनी चांगली. हे १.७९ सेकंद आले कुठून? पहिला धावपटू ब्लॉक्समधून सुटतो. बंदुकीचा आवाज ऐकणं, शरीर हलवणं, शून्यातून वेग गाठणं हे सगळं त्याच्या वेळेत धरलेलं असतं. उरलेले तिघे बॅटन हातात घेतात तेव्हा आधीच धावत असतात. या धावत्या सुरुवातीचा फायदा साधारण अर्ध्या सेकंदापासून पाऊण सेकंदापर्यंत धरतात. १.७९ ला तिघांत वाटा: दरडोई सहा दशांश सेकंद. हिशेब चुकता.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. त्या दिवशी आपले चौघे सरासरी ४५.२ च्या आसपासच्या तोडीचं पळाले. म्हणजे एकट्या अनसने गाठलेली पातळी त्या दिवशी चौघांनी मिळून गाठली. ही लहान गोष्ट नव्हे. मला तर ती ‘४४ वाली पोरं’ या फुगवलेल्या वाक्यापेक्षा जास्त थक्क करणारी वाटते, कारण ती खरी आहे. पण ४५.२ म्हणजे ४४.७ नव्हे, आणि ४०० मीटरमध्ये अर्धा सेकंद म्हणजे जवळपास साडेचार मीटर अंतर. बुडापेस्ट आणि पॅरिस, दोन्ही स्पर्धांसाठी वैयक्तिक ४०० मीटरच्या पात्रतेची वेळ ४५.०० होती. तोवर एकाही भारतीयाने ती कधी गाठलेली नव्हती. दोन्ही ठिकाणी पुरुषांच्या वैयक्तिक ४०० मीटरला आपला एकही माणूस उभा नव्हता. राजकारणाने कोणाला अडवलं, असं म्हणायला आधी कोणीतरी दारापर्यंत पोचावं लागतं.

यावर समोरून जे उत्तर येतं ते ऐकण्यासारखं आहे, म्हणून त्याला बगल देत नाही. उत्तर असं: धावत्या सुरुवातीचा फायदा सर्वांनाच मिळतो, मग तो वजा कशाला करायचा? रिलेत रिलेचीच वेळ धरा. आणि काही माणसं रिलेत खरोखरच वेगळी पळतात, ते मोजायला स्प्लिटच लागतो. उदाहरण म्हणून बोत्सवानाचा लेत्सिले टेबोगो पुढे केला जातो. पॅरिसला २०० मीटरचं सुवर्ण जिंकलेल्या या पठ्ठ्याने रिलेच्या शेवटच्या लेगमध्ये ४३.०४ सेकंद दिले. त्याची वैयक्तिक ४०० मीटरची सर्वोत्तम वेळ तेव्हा ४४.२९ होती. फरक सव्वा सेकंदाचा. नेदरलँड्सच्या फेम्के बोलने त्याच पॅरिसला मिश्र रिलेत चौथ्या क्रमांकावर बॅटन घेतली, ४७.९३ चा लेग पळाली आणि देशाला सुवर्ण दिलं. वैयक्तिक ४०० मीटरमध्ये ती तोवर ४९ च्या खाली कधी आलेली नव्हती, इनडोअर ट्रॅकवर नाही आणि मोकळ्या मैदानात तर नाहीच.

दोन्ही उदाहरणं अस्सल आहेत. पण ती कोणाच्या बाजूने साक्ष देतात? मायकल जॉन्सनने १९९३ च्या स्टुटगार्ट जागतिक स्पर्धेत वैयक्तिक ४०० मीटर ४३.६५ मध्ये जिंकली आणि रिलेत ४२.९४ चा लेग दिला. त्या दिवशीचा अमेरिकेचा २:५४.२९ हा विश्वविक्रम पुढे कित्येक वर्षं टिकला. जॉन्सनला रिलेने दिले ०.७१ सेकंद. टेबोगोला दिले १.२५. बोलला सव्वा सेकंदाच्याही वर. म्हणजे ‘रिलेचा फायदा’ हा काही ठरीव भाव नाही. तो माणसागणिक बदलतो, लेगगणिक बदलतो, समोर कोण पळतंय त्यावर बदलतो. टेबोगो मूळचा दोनशेचा राजा. तो ४०० मीटर फार कमी वेळा पळतो, त्यामुळे त्याची ४४.२९ ही कच्ची वेळ आहे. बोल अडथळ्यांची राणी. मोकळ्या मैदानात सपाट ४०० मीटरला ती मोजकीच उतरायची. या दोघांचे स्प्लिट पाहून तज्ज्ञ म्हणाले की यांनी वैयक्तिक ४०० मीटर गंभीरपणे घेतली तर काय होईल! हे बरोबरच आहे. स्प्लिट तिथे प्रश्न विचारतो. आपल्याकडे तो उत्तर म्हणून वापरला जातो, आणि तोही अशा धावपटूंसाठी, ज्यांची ४०० मीटर हीच मुख्य शर्यत आहे आणि जे वर्षानुवर्षं तीच पळत आले आहेत. त्यांची वैयक्तिक वेळ कुठेही लपलेली नाही. निकालपत्रकात आहे.

क्रिकेटवाल्या वाचकासाठी एवढंच सांगतो: विसाव्या षटकात तीन चेंडूंत बारा धावा काढणाऱ्याचा स्ट्राइक रेट चारशे असतो, म्हणून त्याला कोणी कसोटीत सलामीला पाठवत नाही.

आता स्प्लिट मोजतात कसा, याकडे येतो. मला इथे जरा रेंगाळायचं आहे, कारण सगळ्यात जास्त खात्रीने जे आकडे फेकले जातात ते इथेच तयार होतात.

४ बाय ४०० मध्ये बॅटन बदलण्याचा पट्टा २० मीटरचा असतो: अंतिम रेषेच्या दहा मीटर अलीकडे आणि दहा मीटर पलीकडे. बॅटन या पट्ट्यात कुठेही हातातून हातात जाऊ शकते. स्प्लिट मात्र सहसा रेषेवर घेतला जातो. आता समजा, येणारा दमला आहे, जाणारा घाईत निघाला, दोघांचा मेळ बसला नाही आणि बॅटन रेषेच्या पाच मीटर अलीकडे अडखळली. गेलेला वेळ येणाऱ्याच्या नावावर. तीच अडखळ रेषेच्या पलीकडे झाली तर जाणाऱ्याच्या नावावर. चूक दोघांची, शिक्षा एकाला, आणि ती कोणाला हे रेषा ठरवते. घरी बसून ‘बॅटन हातात आल्यापासून’ वेळ काढणारा तर आणखी तिसरंच काहीतरी मोजत असतो. त्याच्या आकड्यात एखाद्या लेगचं अंतर ३९३ मीटर असतं, दुसऱ्याचं ४०७, आणि दोघांची तुलना शतांशापर्यंत चाललेली असते.

टीव्हीचं तर विचारूच नका. आपल्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला २५ चित्रांचं. एक चित्र म्हणजे ०.०४ सेकंद, तेवढ्यात धावपटू फूटभराहून अधिक पुढे जातो. कॅमेरा रेषेवर सरळ नसतो, तिरका असतो आणि बहुतेक वेळा आघाडीच्या धावपटूबरोबर सरकत असतो. पाचव्या क्रमांकावरचा भारतीय रेषा ओलांडतो तेव्हा तो चौकटीत असेलच याची खात्री नाही. अशा चित्रावरून ‘अमुकचा लेग ४५.३१’ असं सांगणाऱ्याच्या आत्मविश्वासाचं कौतुक वाटतं. हाताने लावलेलं घड्याळ आणि स्वयंचलित घड्याळ यांच्यातला फरक आपल्याइतका दुसऱ्या कोणत्या देशाला ठाऊक असायला हवा? १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खासिंगांची वेळ हातघड्याळावर ४५.६ होती आणि विजेच्या घड्याळावर ४५.७३. माणूस तोच, शर्यत तीच, क्रमांक चौथा तोच.

आणि घड्याळ अगदी अचूक असलं तरी चार लेग ही चार वेगवेगळी कामं आहेत. पहिला धावपटू सबंध फेरी आपल्या लेनमध्ये पळतो. ब्लॉक्समधून निघतो, त्यामुळे त्याचा आकडा कायम जड दिसतो. दुसरा पहिलं वळण लेनमध्ये काढतो आणि मग सगळे आतल्या लेनकडे झेपावतात. तिथे ज्याला धक्का बसतो, ज्याला आत शिरायला वाट मिळत नाही, त्याला पुढचं वळण बाहेरून घ्यावं लागतं. बाहेरून म्हणजे किती? लेनची रुंदी १.२२ मीटर. संपूर्ण वळण एक लेन बाहेरून पळालं तर पावणेचार मीटर जास्त पळावं लागतं. वेळेत ते ०.४ सेकंदांच्या घरात जातं. म्हणजे नुसत्या जागेच्या झटापटीत तेवढा फरक पडतो, जेवढ्यावरून चाहते माणूस संघात ठेवायचा की काढायचा हे ठरवतात. तिसऱ्या आणि चौथ्या लेगला वाट बघणारे धावपटू आपापल्या संघाच्या क्रमानुसार आतून बाहेर उभे राहतात. संघ मागे असेल तर हा बाहेर उभा, गर्दीतून बॅटन घेणारा, आणि निघाल्यावर समोर पाच पाठी. आघाडीवर असलेल्याला मोकळा ट्रॅक मिळतो, पण वाऱ्याचा मार त्यालाच. त्याच्या मागच्याला आडोसा आणि पाठलागाचं लक्ष्य. बुडापेस्टच्या हीटमध्ये राजेश रमेशला समोर अमेरिकन पाठ होती. तसा मोहरा समोर असताना माणूस जे काढतो ते त्याच्यातच असतं, हे मान्य. पण एकटा पळताना तेच निघेल, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

मग बुडवणाऱ्याचा शोध कशाच्या जोरावर? २०२४ च्या मे महिन्यात नासाऊला झालेल्या जागतिक रिले स्पर्धेत पहिल्या दिवशी भारताच्या दुसऱ्या लेगला राजेश रमेशचा पाय आखडला आणि संघ शर्यत पूर्ण करू शकला नाही. त्या रात्री त्याच्याबद्दल जे बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आठ-नऊ महिन्यांपूर्वी याच माणसाचा लेग पाहून त्याला ‘४४ वाला’ ठरवणारेच यात पुढे होते. दुसऱ्या दिवशी संघाने ३:०३.२३ देत पॅरिसची पात्रता मिळवली. बुडापेस्टच्या वेळेपेक्षा चार सेकंदांनी संथ शर्यत, पण काम फत्ते. स्प्लिटच्या चश्म्यातून पाहिलं तर ही अधोगती, स्पर्धेच्या नजरेने पाहिलं तर त्या मोसमातली संघाची सर्वांत मोलाची शर्यत.

बुडापेस्टच्या फायनलचीही अशीच एक गोष्ट सांगतात. फायनल दुसऱ्याच दिवशी होती, भारत २:५९.९२ देत पाचवा आला. अमेरिका २:५७.३१, फ्रान्स २:५८.४५, ब्रिटन २:५८.७१, जमैका २:५९.३४. मग वही-पेन्सिल निघते: हीटमधली वेळ पुन्हा दिली असती तर चौथे, आणि ब्राँझपासून फक्त ०.३४ सेकंद! दिसायला बिनतोड. पण मोठे संघ हीट आणि फायनल एकाच ताकदीने पळत नाहीत. त्यांच्याकडे सहा-सात माणसं असतात. हीटला काहींना विश्रांती देतात, फायनलला राखून ठेवलेले उतरवतात. आपण दोन्ही दिवस त्याच चौघांना उतरवलं, कारण त्या तोडीचा पाचवा नव्हताच. हीटमध्ये आपल्यामागे राहिलेले ब्रिटन आणि जमैका फायनलला आपल्यापुढे गेले, यात दैवाचा खेळ शोधायची गरज नाही. ०.३४ सेकंदांची ती दरी भरून काढायला एखादा ४४ चा लेग पुरला नसता. लागला असता पाचवा आणि सहावा माणूस, जो वैयक्तिक शर्यतीत ४५.५ च्या आत पळतो. या माणसाबद्दल एकही चाहता वाद घालत नाही. तो स्प्लिटच्या यादीत नसतो ना.

इथून ‘देशाची पत’ या प्रश्नाकडे यावं लागतं. ‘रिले म्हणजे राष्ट्राची खोली’ हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. रिले खोली दाखवते ती खोली आधीच असेल तर. जपानकडे पाहा. सुसुमु ताकानोचा ४४.७८ हा जपानी विक्रम १९९१ पासून बत्तीस वर्षं टिकला. २०२३ मध्ये बुडापेस्टलाच केंतारो सातोने ४४.७७ देऊन तो मोडला. २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत युकी जोसेफ नाकाजिमाने ४४.४४ पर्यंत मजल मारली आणि फायनलही गाठली. मधल्या काळात पॅरिसला जपानच्या रिले संघाने २:५८.३३ देऊन आपला आशियाई विक्रम परत हिसकावून घेतला आणि सहावा क्रमांक मिळवला. म्हणजे आधी माणसं एकेकटी ४५ च्या खाली उतरली, मग बेरीज खाली आली. आपल्याकडे बेरीज आधी खाली आली आणि माणसं आहेत तिथेच राहिली. बेरजेने त्यांना ओढून खाली आणलं नाही. आणणारही नव्हती.

बोत्सवानाची कथा तर याहून बोलकी. पंचवीस लाखांच्या आसपास लोकवस्ती, म्हणजे आपल्या एखाद्या बऱ्या जिल्ह्याएवढी. २०२५ ला टोकियोत कॉलन केबिनात्शिपीने ४३.५३ देत ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, बायापो न्दोरीने ब्राँझ. मग रिलेत याच दोघांनी टेबोगो आणि ली एप्पीला घेऊन भर पावसात सुवर्ण काढलं, वेळ २:५७.७६. गंमत पाहा: याच देशाने पॅरिसला २:५४.५३ दिले होते आणि रौप्य मिळालं होतं, कारण अमेरिकेने २:५४.४३ दिले. तीन सेकंदांहून जास्त संथ पळून वर्षभरात रौप्याचं सोनं झालं. मोठ्या स्पर्धेत वेळेला भाव असतो, पण क्रमांक ठरतो तो त्या दिवशी शेजारच्या लेनमध्ये कोण आहे आणि ट्रॅक कसा आहे त्यावर.

हाच नियम आपल्या आशियाई सुवर्णालाही लावावा लागेल, आणि तो लावताना काही मित्र दुखावतील. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत याच चौघांनी ३:०१.५८ देऊन सुवर्ण जिंकलं. मनापासून अभिनंदनाची गोष्ट. पण ही वेळ बुडापेस्टच्या हीटपेक्षा अडीच सेकंदांनी संथ होती आणि पॅरिसला ज्या वेळेत आपण हीटमधूनच बाहेर पडलो, तिच्याहून बरोबर एक सेकंदाने संथ. म्हणजे हांगझोऊत सोनं, पॅरिसला एक सेकंद सरस पळूनही घरचा रस्ता. ज्यांनी हांगझोऊला प्रगती म्हटलं त्यांनीच पॅरिसला अधोगती म्हटलं. दोन्ही वेळा त्यांनी पदक मोजलं आणि पळणं मोजल्याचा दावा केला.

महिलांच्या बाबतीत ही गफलत आणखी जुनी. २००२ पासून २०१८ पर्यंत सलग पाच आशियाई स्पर्धांत ४ बाय ४०० चं सुवर्ण भारताचं. या साखळीचा इतका अभिमान बाळगला गेला की भारतीय महिला रिलेचा राष्ट्रीय विक्रम, ३:२६.८९, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या हीटमधला आहे आणि तो कित्येक वर्षं तसाच पडून आहे, हे कोणाला खटकलंच नाही. हांगझोऊला बहारीनने ३:२७.६५ मध्ये आपल्याला ०.२० सेकंदांनी मागे टाकलं तेव्हा हळहळ झाली ती ‘साखळी तुटली’ म्हणून. मुंबईची ऐश्वर्या मिश्रा त्या संघात होती. महाराष्ट्रात त्या रौप्याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण चौघींपैकी कोणीतरी ०.२० सेकंद ‘खाल्ले’ असं म्हणत जे आकडे फिरले, त्यांतल्या बहुतेकांना अधिकृत पाठबळ नव्हतं. आणि पॅरिसला महिला संघ ३:३२.५१ मध्ये आपल्या हीटमध्ये आठवा आला, तेव्हा तर वादही झाला नाही. पदकाची शक्यताच नसेल तर स्प्लिट काढायलाही कोणी बसत नाही.

रिलेच्या पदकालाच देशाची प्रतिष्ठा मानलं की काय होतं, याचा एक काळा अध्याय आपल्याकडे आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात महिला रिलेने सुवर्ण जिंकलं आणि वर्षभराच्या आत त्या चौघींपैकी तिघी उत्तेजक चाचणीत अडकल्या, पुढे दोन वर्षांच्या बंदीला सामोऱ्या गेल्या. हे रिलेमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण एका शर्यतीवर सगळा जीव टांगला की शिबिर, प्रशिक्षक, औषधं, पूरक आहार हे सगळं त्या एका तारखेभोवती फिरू लागतं, आणि धावपटू स्वतःच्या कारकिर्दीचा मालक राहत नाही, हे तेव्हा उघड दिसलं.

आजही राष्ट्रीय शिबिरात ४०० मीटरचे धावपटू ‘रिलेचा गट’ म्हणूनच ओळखले जातात. संघात जागा मिळाली की नोकरी, बक्षीस, मानमरातब. वैयक्तिक ४५.६ चं ४५.३ केल्याने यातलं काही वाढत नाही. मग कोण कशाला एकट्याने हरायला युरोपात जाईल? आपल्या बीडच्या अविनाश साबळेला मी या संदर्भात आठवतो ते मराठी म्हणून नव्हे. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने पॅरिस डायमंड लीगला ८:०९.९१ दिले. ही वेळ कोणाच्या हातातून त्याच्या हातात आलेली नाही. पाण्याच्या खड्ड्यातून, अडथळ्यांवरून, केनिया-इथिओपियाच्या गर्दीत धक्के खात, कित्येकदा हरून त्याने ती खाली आणली. त्याच्या दर्जाबद्दल वाद घालायला कोणाला स्टॉपवॉच लागत नाही.

माझं म्हणणं स्प्लिट फेकून द्या असं नाही. प्रशिक्षकासाठी तो सोन्यासारखा आहे. कोणाला कुठल्या लेगला ठेवायचं, कोण गर्दीत बिचकतो, कोणाचे शेवटचे शंभर मीटर गळतात, हे त्यातूनच कळतं. अट एवढीच की शंभर-शंभर मीटरचे टप्पे हवेत आणि एकाच पद्धतीने मोजलेल्या दहा-बारा शर्यतींचे हवेत. महासंघाने हे आकडे, कोणत्या रेषेवर आणि कोणत्या यंत्राने घेतले ते सांगून, प्रत्येक मोठ्या स्पर्धेनंतर जाहीर करावेत. निम्मी भांडणं तिथेच मिटतील. उरलेल्या निम्म्या भांडणांसाठी चाहत्यांनी राष्ट्रीय आणि आंतरराज्य स्पर्धांमधल्या ४०० मीटरच्या निकालाचं पान उघडायची सवय लावावी. पहिला किती, आठवा किती, गेल्या वर्षीचा आठवा किती. देशाची खोली मोजायची तर ती आठव्या माणसाच्या वेळेत मोजावी.

२०२६ ची आशियाई स्पर्धा जपानमध्ये, आयची-नागोयाला. तिथे रिलेचं सुवर्ण राखायचं तर गाठ यजमानांशी, आणि त्यांच्याकडे ४४.४४ वाला माणूस आहे. तेव्हा पुन्हा भागाकार सुरू होईल. त्या वेळी कोणी ४४ चा स्प्लिट तुमच्यासमोर नाचवला तर एवढंच विचारा, की त्याची वैयक्तिक शर्यतीतली वेळ किती आणि या वर्षी तो तिच्या जवळ किती वेळा गेला.

उत्तर शोधायला फार लांब जावं लागणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये चेन्नईच्या आंतरराज्य स्पर्धेत विशाल टी. के. याने ४५.१२ देऊन अनसचा विक्रम मोडला. एकट्याने, ब्लॉक्समधून, आपल्या लेनमध्ये. गेल्या काही वर्षांतली भारतीय ४०० मीटरची ही सर्वांत महत्त्वाची बातमी होती आणि बुडापेस्टच्या रिलेवर तासन्‌तास बोलणाऱ्यांनी तिच्यावर चार ओळीही खर्च केल्या नाहीत. त्याच वर्षीच्या टोकियो जागतिक स्पर्धेसाठी पात्रतेची वेळ ४४.८५ होती. तेव्हा अजून ०.२७ सेकंद बाकी होते.